सीएसव्ही लोड करताना टाइम कॉलम की रो नंबर?

तुम्ही विचारलंय की प्लॉटजगलरमध्ये (डेटाचे आलेख काढायचं सॉफ्टवेअर) सीएसव्ही (स्वल्पविरामाने कॉलम वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाईल) टाकली की एक्स अ‍ॅक्सिसचा कॉलम विचारतं, तिथे टाइम घ्यायचा की रो नंबर, आणि फाईल आधी एक्सेलमध्ये साफ केली तर चालेल का. टाइम घ्या. एक्सेल अजिबात नको, यावरून माझं आमच्या सीनियरशी कडाक्याचं वाजलंय म्हणून सविस्तर लिहितो.

साखर कारखान्यातला आयडी फॅन (बॉयलरमधला धूर बाहेर ओढणारा पंखा), ऐन गळीत हंगामात व्हायब्रेशनची तक्रार. बेअरिंगवर सेन्सर लावून फॅन थंड असल्यापासून 40 मिनिटं रेकॉर्डिंग घेतलं, सेकंदाला 1000 सॅम्पल, म्हणजे 24 लाख ओळी. सीनियरनी फाईल एक्सेलमध्ये उघडली, वरच्या हेडरच्या ओळी उडवल्या, सेव्ह केली आणि फॅन ओके असा रिपोर्ट पाठवूनही दिला. एक्सेलच्या शीटमध्ये 10,48,576 ओळीच मावतात, म्हणजे जेमतेम साडेसतरा मिनिटं, पुढचं सगळं गेलं. तसा मेसेज येतो, पण तो वाचतंय कोण. मी लॉगरमधली, म्हणजे सेन्सरचं रीडिंग नोंदवणाऱ्या यंत्रातली, मूळ फाईल तशीच लोड केली तर विसाव्या मिनिटापासून व्हायब्रेशन चढत गेलेलं सरळ दिसत होतं, फॅन 1480 आरपीएमचा आणि एफएफटीत (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती कंपन आहे ते काढणारं गणित) पीक 24.7 हर्ट्झला, म्हणजे फिरण्याच्याच फ्रिक्वेन्सीला, गरम झाला की शाफ्ट वाकत होता. रिपोर्ट बदलला, पण सीनियरचं म्हणणं अजून तेच, डेटा साफ करूनच घ्यायचा असतो!

शिवाय तारखेसकट मिलिसेकंदवाला टाइम एक्सेलमधून परत सीएसव्हीत सेव्ह केला की सेलमध्ये दिसतं तेवढंच फाईलीत जातं, तारीख आणि तास गायब, सेकंदाच्या पुढे एकच आकडा.

रो नंबर घेतलात तर मधे लॉगरने सॅम्पल गाळले असतील ते कळतच नाही, ओळी एकमेकींना चिकटून बसतात. एफएफटीतही हर्ट्झ मिळत नाहीत, 1000 च्या सॅम्पलिंगला 25 हर्ट्झचं पीक 0.025 ला दिसणार.

हां, तुमच्या लॉगरचा टाइम फक्त पूर्ण सेकंदात असेल तर हजार ओळींना एकच वेळ येते, तेव्हा मात्र रो नंबरच घ्या आणि त्या रो नंबरला सॅम्पलिंग रेटने स्वतः भागून सेकंद काढा. हेडर काढायचं असेल तर कॉपीवर, नोटपॅड प्लस प्लसमध्ये. मूळ फाईल रीड ओन्ली करून ठेवा, आणि एक्सेलमधली फाईलच लोड करा असं वरून कोणी सांगितलं तर दोन्ही फाईलींची साइज त्यांना समोर बसवून दाखवा.