सामू फक्त ०.१ ने घसरला, मग पोटापाण्याचा काय संबंध?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: औद्योगिक काळापासून समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ८.२ वरून ८.१ वर आला; यालाच समुद्राचं आम्लीकरण म्हणतात. पाणी आजही अल्कधर्मीच आहे. मग माणसांच्या रोजगारावर परिणाम होतो हे म्हणणं वाढवून सांगणं नाही का? आणि होत असेल तर समुद्रात चुना टाकून भागणार नाही का?

सामूची मोजपट्टी लॉगरिथमची आहे, म्हणजे एका अंकाची घसरण ही दहापट वाढ असते. त्यामुळे ०.१ ची घसरण म्हणजे हायड्रोजन आयनांमध्ये २५ टक्क्यांहून थोडी जास्त वाढ. पण खरी अडचण ‘आम्ल’ या शब्दात नाहीच. आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण पाव हिस्सा समुद्र शोषतो. त्यातून सुटलेले हायड्रोजन आयन पाण्यातल्या कार्बोनेटला धरतात आणि त्याचं बायकार्बोनेट होतं. कालवं, शिंपले, प्रवाळ यांना कवच किंवा सांगाडा बांधायला हेच कार्बोनेट लागतं. म्हणजे पाणी अल्कधर्मी राहूनही बांधकामाचं सामान कमी पडू शकतं.

याचा पैशात फटका कसा बसतो हे सगळ्यात स्पष्ट दिसलं ते अमेरिकेच्या ऑरेगन किनाऱ्यावर, नेटार्ट्स उपसागरातल्या व्हिस्की क्रीक हॅचरीत. तिथे कालवांचं बीज, म्हणजे अळ्या आणि पिल्लं, तयार होतं आणि ते कालवांची शेती करणाऱ्यांना विकलं जातं. २००७-०८ च्या सुमाराला तिथल्या अळ्या टाक्याच्या टाक्या भरून मरू लागल्या. पहिला संशय जिवाणूंवर गेला आणि तो साहजिक होता. जिवाणूंचा बंदोबस्त करूनही मर थांबेना. मग हॅचरीतले ॲलन बार्टन आणि ऑरेगन स्टेट विद्यापीठाचे बर्क हेल्स यांनी पाण्याचं रसायन मोजायला घेतलं. उन्हाळ्यात वाऱ्यामुळे खोलातलं थंड, कार्बन डायऑक्साइडने भरलेलं पाणी किनाऱ्याशी वर येतं. ज्या दिवसांत ते पाणी टाक्यांत यायचं, त्या दिवसांतल्या अळ्यांची वाढ खुंटायची. २०१२ साली हे काम प्रसिद्ध झालं.

अळ्याच का मरतात, हे समजून घेणं महत्त्वाचं आहे. कालवाच्या अळीला जन्मानंतर पहिल्या दोनेक दिवसांत पहिलं कवच उभारावं लागतं, आणि तोवर तिला खाता येत नाही. अंड्यातून मिळालेल्या शिदोरीवरच सगळं बांधकाम. कार्बोनेट कमी असेल तर तेवढ्याच कवचाला जास्त ऊर्जा खर्च होते, आणि शिदोरी मध्येच संपते. मोठं कालव त्याच पाण्यात तग धरतं. त्यामुळे किनाऱ्यावर सगळं ठीक दिसतं आणि पुढची पिढी मात्र गायब असते.

हॅचरीने उपाय शोधला. भर दुपारनंतर, म्हणजे पाण्यातल्या वनस्पतींनी दिवसभर कार्बन डायऑक्साइड वापरून झाल्यावर, टाक्या भरायच्या आणि पाण्यात सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा, मोजून घालायचा. उत्पादन बरंचसं सावरलं. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात कालव-शिंपल्यांच्या उद्योगावर तेव्हाच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ३,२०० रोजगार आणि वर्षाला २७ कोटी डॉलर अवलंबून होते. तिथल्या गव्हर्नरांनी २०१२ मध्ये खास समिती नेमली. एका कालव-उत्पादक कुटुंबाने तर बीज बनवण्याचं काम थेट हवाई बेटांवर हलवलं.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी ‘विज्ञानाने उद्योग वाचवला’ अशी सांगितली जाते. ते खोटं नाही. पण मला तिच्यात दुसरंच दिसतं. ज्यांच्याकडे बंद टाकी होती, मोजायची उपकरणं होती, शेजारी विद्यापीठ होतं आणि सरकारदरबारी आवाज होता, ते वाचले. ओहोटीला उघड्या खडकांवरून शिंपले गोळा करून घर चालवणाऱ्याला यातलं काय मिळणार? अनेक ठिकाणी हे काम प्रामुख्याने बायका करतात. एखाद्या वर्षी शिंपले कमी आले तर दोष रोगाला, नाहीतर जास्त उपशाला दिला जातो. कारणाची नोंद नाही, म्हणून भरपाईही नाही. घरीच खाल्लेल्या शिंपल्यांची पावतीही नसते, म्हणून तोटा कुठल्या हिशेबात येत नाही.

आणि ‘दुसरीकडे जा’ हा सल्ला सगळ्यांना लागू पडत नाही. वॉशिंग्टनमधल्या मूलनिवासी जमातींनी १८५४-५५ च्या करारांत जमिनी दिल्या, पण आपल्या नेहमीच्या जागी मासे-शिंपले घेण्याचा हक्क राखून ठेवला. तो हक्क त्या जागेशी बांधलेला आहे. कंपनी हवाईला जाईल, हक्क जाऊ शकत नाही. त्या जागेवर शिंपलेच उरले नाहीत तर कागदावरचा हक्क शाबूत राहून रिकामा होतो. मला हा सगळा विषय इथे सर्वांत जास्त अस्वस्थ करतो.

प्रवाळांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण खर्चाचा मोठा वाटा तिकडेच आहे. प्रवाळभित्ती लाटांची ऊर्जा सरासरी ९७ टक्के शोषतात असं २०१४ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. प्रवाळ आज मरताहेत ते मुख्यतः उष्णतेने. ते खापर आम्लीकरणावर फोडू नये. आम्लीकरणाने होतं ते असं की मोडलेली भित्त पुन्हा उभी राहायला वेळ लागतो आणि जी आहे ती जास्त झिजते. हा तोटा मासळीबाजारात दिसत नाही. तो संरक्षक भिंतींच्या, पुराच्या आणि विम्याच्या खर्चात दिसतो.

शतकाअखेरीचे मोठे आकडे तुम्ही वाचले असतील: शिंपलेवर्गीय उत्पादनात १०० अब्ज डॉलरवर तोटा, प्रवाळ गेल्यास वर्षाला एक लाख कोटी डॉलर. पहिल्यात फक्त बाजारात विकला जाणारा माल आहे, दुसऱ्यात बऱ्याच गृहीतकांची गोळाबेरीज आहे. वाद घालताना मी हे आकडे वापरत नाही. तसंच, आम्लयुक्त पाण्यात प्रवाळांतल्या माशांचं वागणं बिघडतं, या गाजलेल्या निष्कर्षांची २०२० साली पुन्हा तपासणी झाली तेव्हा तसे परिणाम दिसले नाहीत. कवचधारी जिवांचा पुरावा भक्कम आहे, तेवढ्यावर उभं राहिलेलं बरं.

आता चुन्याचं. टाकीत सोडा चालतो कारण टाकी लहान आहे. खुल्या समुद्राची अल्कता, म्हणजे आम्ल झेलण्याची क्षमता, वाढवण्याचे छोटे प्रयोग सुरू आहेत, पण जगाच्या पातळीवर फरक पडायचा तर दरवर्षी अब्जावधी टन खडक खणून, दळून, वाहून न्यावा लागेल. सूर्यप्रकाश अडवून पृथ्वी थंड ठेवायच्या कल्पनेने तर हा प्रश्न सुटतच नाही, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड तिथेच राहतो. शिवाय पॅसिफिकच्या त्या किनाऱ्यावर आज वर येणारं पाणी हवेपासून दूर गेलं ते काही दशकांपूर्वी, तेव्हाच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन. म्हणजे पुढची काही दशकं तिथे वर येणारं, आणखी जास्त कार्बन डायऑक्साइडचं पाणी आधीच वाटेवर आहे.

किनाऱ्यावरच्या लोकांच्या हातात असलेली एक गोष्ट मात्र आहे. सांडपाणी आणि खतं समुद्रात गेली की शेवाळ माजतं, ते कुजताना कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्या जागेचा सामू आणखी घसरतो. हे स्थानिक पातळीवर रोखता येतं. आणि मोजणीची मागणी करत असाल तर नुसत्या सामूवर थांबू नका, सोबत अल्कताही मोजायला लावा. दोन्ही आकडे, तापमान आणि क्षारता हाती असेल तरच कवचासाठी कार्बोनेट पुरेसं आहे की नाही हे काढता येतं.