घराचे तारण, वडिलांचे मौन आणि ब्राँक्स

तुम्हाला न्यूयॉर्कच्या विद्यापीठात एम.एस.साठी प्रवेश मिळाला आहे. कर्जासाठी छत्रपती संभाजीनगरचे राहते घर तारण ठेवावे लागणार म्हणून वडिलांनी तुमच्याशी बोलणे टाकले आहे. तुम्ही मराठीत रॅप करता आणि त्यातली बरीच गाणी राजकीय आहेत. ती गाणी व्हिसाच्या आधी काढून टाकावीत का, तिकडे गेल्यावर राजकारण सुटेल का आणि घर कायमचे दुरावेल का, असे तुम्ही विचारले आहे. मी परभणी जिल्ह्यातली, २००९ पासून न्यूयॉर्कमध्ये आहे आणि त्यातली बहुतेक वर्षे तिथल्या ब्राँक्स या भागात राहिले आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण माझ्या अनुभवात बाकी सगळे त्याच्यावरच उभे आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, एसटीत कंडक्टर होते. आमच्या घरात राजकारण पाण्यासारखे होते. १४ एप्रिलला दादा ढोलकीवर बसत आणि रात्र उजाडेपर्यंत भीमगीते म्हणत, नामांतराच्या लढ्याच्या आठवणी निघत, अन्यायाची बातमी आली की मोर्चाची तयारी सुरू होई. मी मात्र परदेशी निघाले तेव्हा त्यांनी बॅगेचे वजन दोनदा करून पाहिले आणि एवढेच म्हटले, ‘‘कुलूप नीट लाव.’’ पुढची सात वर्षे रविवारचा आमचा फोन चार मिनिटांत संपायचा. जेवलीस का, थंडी किती आहे, बरं ठेवतो. त्यांना माझी काळजी नाही असे मी मनाशी ठरवूनही टाकले होते.

स्वस्त खोली शोधत मी ब्राँक्समध्ये आले, तेव्हा हिप हॉप, म्हणजे रॅप ज्याचा भाग आहे ती कला, माझ्यासाठी केवळ गोंगाट होता. जेरोम अ‍ॅव्हेन्यूवर ४ क्रमांकाची मेट्रो गाडी डोक्यावरून जाते, तिच्याखालच्या दुकानांतून जे काही कानावर पडे तेवढीच माझी ओळख. मग शेजारच्या जमैकन आजींनी एक दिवस मला १५२०, सेजविक अ‍ॅव्हेन्यू ही इमारत दाखवली. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तिथल्या तळमजल्यावरच्या सामाईक खोलीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून पार्टी ठेवली होती. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट प्रवेश. रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह होता, म्हणजेच पुढे प्रसिद्ध झालेला डीजे कूल हर्क. गाण्यातला जो तालवाद्यांचा तुकडा लोकांना नाचायला लावतो, तो दोन तबकड्यांवरून लांबवत नेण्याची त्याची रीत हा या कलेचा पाया मानला जातो. मला मात्र दुसरीच गोष्ट लागून राहिली. हे कुटुंब किंग्स्टनहून आलेले, हर्क स्वतः बारा वर्षांचा असताना आला. ग्रँडमास्टर फ्लॅशचा जन्मही बार्बाडोसचा. म्हणजे ज्याला सगळे जग अमेरिकेची कला म्हणते, तिच्या मुळाशी घर सोडून आलेल्यांची मुले आहेत.

आणि ती वस्ती तेव्हा जळत होती. क्रॉस ब्राँक्स एक्स्प्रेसवेने आधीच वस्त्या मधोमध चिरून हजारो कुटुंबे उठवली होती. सत्तरच्या दशकात काही घरमालक विम्यासाठी स्वतःच्याच इमारतींना आगी लावत होते, आणि नेमक्या त्याच काळात पैसे नाहीत म्हणून महापालिका अग्निशमन केंद्रे बंद करत होती. आजींनी हे सांगितले तेव्हा आमच्याकडचे १९७८ साल मला आठवायला हवे होते, पण तेव्हा आठवले नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी बागेत मुले गोल करून उभी होती आणि एकेक जण आत येऊन रॅप म्हणत होता. सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा आला. त्याने आधी पोलिसांवर म्हटले, लोकांनी साथ दिली. मग त्याच ठेक्यावर तो तुरुंगातल्या वडिलांबद्दल म्हणू लागला, त्यांचा आवाज आता नीट आठवत नाही असे म्हणाला आणि मध्येच अडकला. कोणी हसले नाही. तोंडाने ठेका धरणाऱ्याने ठेका सोडला नाही, फक्त हळू केला, मुलगा पुन्हा सुरू होईपर्यंत. जलशात कोरस शाहिराला सावरून धरतो, तसेच होते ते. घरी येताना मला पहिल्यांदा कळले की आमच्या घरात संतापाला भाषा होती, दुःखाला नव्हती. समाजाचे दुःख आम्ही माइकवरून मांडत होतो आणि स्वतःचे गिळत होतो. (बाजारात खपणाऱ्या हिप हॉपमध्येही नुसती मर्दानगी आणि बायकांची हेटाळणी भरपूर आहे, ते मला कधीच पटले नाही आणि आपल्याकडच्या मुलांनी ते जसेच्या तसे उचलू नये असे मला मनापासून वाटते.)

त्या रविवारी मी दादांना विचारले, ‘‘अठ्ठ्याहत्तरला तुम्ही कुठं होता?’’ मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात मंजूर झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, हे मला पाठ होते. त्यात आमचे स्वतःचे घर जळाले होते, हे मला वयाच्या एकतिसाव्या वर्षी, बारा हजार किलोमीटरवरून, फोनवर कळले. दादा तेव्हा सतरा वर्षांचे होते. ते म्हणाले, घर तासाभरात गेले, पण कणगीतली ज्वारी तीन दिवस आतल्या आत धुमसत होती आणि त्यांची आई तिच्याजवळून हलायला तयार नव्हती. सांगताना ते फोनच्या पाठीवर बोटांनी ठेका धरत होते; टकटक मला इकडे ऐकू येत होती. तो फोन पाऊण तास चालला. ‘‘कुलूप नीट लाव’’ या शब्दांत काय होते, तेही मला त्या दिवशी समजले.

म्हणून सांगते, तुमच्या वडिलांचे मौन म्हणजे नकार असेलच असे नाही. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात, तो व्यवहार झाला. पण त्यांच्या लेखी ते घर काय आहे, ते कसे उभे राहिले, हे तुम्ही कधी विचारले आहे का? कर्ज किती, हप्ता किती, परत येण्याची वेळ आली तर तो कसा फेडायचा, हे कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवा. त्यानंतर घराची गोष्ट विचारा आणि ती पुरी होईपर्यंत स्वतःची बाजू मांडू नका.

आता गाण्यांबद्दल. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात मागील पाच वर्षांतल्या समाजमाध्यमांवरील खात्यांची नावे विचारली जातात, आणि जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना ती खाती सर्वांसाठी खुली ठेवायला सांगितले आहे. त्यामुळे तुमची गाणी कोणीतरी ऐकेल हे गृहीत धरा. खाते लपवू नका, कारण अर्जातली खोटी माहिती गाण्यापेक्षा फार मोठे संकट आणते. गाणी ठेवायची की काढायची हे मी तुमच्या वतीने ठरवू शकत नाही. भीतीपोटी काढलीत तर तसे स्वतःशी कबूल करा, त्याला शहाणपणाचे नाव देऊ नका. आणखी एक, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर पैसे घेऊन कार्यक्रम करणे हे काम धरले जाते आणि परवानगीशिवाय ते करता येत नाही. बागेतल्या गोलात उभे राहायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही.

राजकारण इकडे आल्यावर सुटत नाही, पण तुमचे त्यातले स्थान बदलते. इथे मला मत नाही, आणि भारतातले मत द्यायचे तर गावच्या केंद्रावर स्वतः हजर राहावे लागते. मराठी मंडळींच्या पहिल्याच स्नेहभोजनात एका बाईंनी माझे आडनाव, मग मूळ गाव आणि मग त्या गावातला ‘‘कोणता भाग’’ असे विचारत नेले. माझ्या हातात ताट होते, पुढे जेवण गेले नाही. २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने जातीवरून भेदभावाला बंदी केली आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियातले तसे विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होऊनही राज्यपालांनी नाकारले, तेव्हा आपल्याच माणसांमध्ये केवढी फळी पडली ते मी पाहिले. त्या दिवसांत मला आधार वाटला तो जोतीरावांचा. त्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केले ते गुलामी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीच्या उंबऱ्यावर आहे. १९७२ च्या दलित पँथरने नाव घेतले ते इथल्याच ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे. तुमचे मराठी रॅप त्या जुन्या येण्याजाण्यातलेच आहे. ते उसने आहे असे कोणी म्हटले तर मनावर घेऊ नका.

शेवटी मनाचे. विद्यापीठात समुपदेशन बहुधा मोफत असते. मी लाजेने कित्येक वर्षे घालवली, तुम्ही पहिल्याच सत्रात जा. मला तिथे विचारले होते, हे दुःख शरीरात कुठे जाणवते? इंग्रजीत काही सुचेना. शेवटी मी मराठीत म्हणाले, पोटात तुटतं, आणि मग त्याचा अर्थ समजावून सांगताना रडले. शिक्षणानंतर बारा महिने आणि विषय विज्ञान-तंत्रज्ञानाचा असेल तर आणखी चोवीस महिने काम करता येईल, पुढे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत, ग्रीन कार्डसाठी भारतीयांची लांबच लांब रांग. माझा २०१५ चा अर्ज अजून त्या रांगेतच आहे. या टांगणीत कधी कधी घरी जाणेही धोक्याचे वाटते. २०१९ च्या जूनमध्ये दादा निवृत्त झाले, त्या समारंभाला मी जाऊ शकले नाही. त्या रात्री त्यांनी आपण होऊन फोन केला आणि म्हणाले, ‘‘तू नव्हतीस, वाईट वाटलं.’’ मीही म्हटले, मलाही. आता त्यांनी म्हटलेल्या ओळी दर रविवारी माझ्या फोनवर येतात, ढोलकीसकट, आणि मी त्या शेजारच्या आजींना ऐकवते. तुमचे व्हिसाचे काम झाले की कळवा. सेजविक अ‍ॅव्हेन्यू माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे.