‘दादाचं अंग गरम आहे, मग गेला कसा म्हणता?’

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर अवयवदानाचं बोलणं निघालं की दोन शंका हमखास येतात. हृदय चालू आहे, मग माणूस गेला कसा? आणि दात्याचं कार्ड भरलेलं होतं म्हणून तर डॉक्टरांनी लवकर हात टेकले नाहीत ना? खालच्या प्रसंगात दोन्ही शंका एकाच माणसाच्या तोंडून आल्या. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

जुन्नर भागातला सत्तेचाळीस वर्षांचा दुकानदार. दुचाकी घसरली, हेल्मेट नव्हतं, डोक्याला मार लागला. पुण्यात आणून शस्त्रक्रिया झाली, पण मेंदूची सूज उतरली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बाहुल्या ताणलेल्या दिसल्या आणि लघवी तासाला अर्धा-पाऊण लिटर होऊ लागली. मेंदूतून येणारं, मूत्रपिंडांना पाणी राखायला सांगणारं संप्रेरक बंद पडलं की असं होतं. मेंदू-स्तंभ म्हणजे मेंदूचा मज्जारज्जूला जोडणारा खालचा भाग; त्याच्या मृत्यूचा संशय आला, चाचण्या ठरल्या.

त्याच दुपारी धाकट्या भावाला गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये अवयवदानाचं कार्ड सापडलं. गणेशोत्सवातल्या शिबिरात भरलेलं. घरात कोणालाच माहीत नव्हतं. ते घेऊन तो आला आणि रुग्णालयात अवयवदानाचं काम बघणाऱ्या समन्वयकाला म्हणाला, "मॅडम, हे कार्ड बघूनच तुम्ही लोकांनी ट्रीटमेंट ढिली केली. दादाचं अंग गरम लागतंय, छाती वरखाली होतेय, मघाशी बोट पण हललं. मग गेला कसा म्हणता?"

इथे घाईने अवयवदानाचे फायदे सांगायला बसणं ही सगळ्यात मोठी चूक. बहुतेक घरं अवयवदानाला नाही म्हणत नाहीत, मृत्यूला नाही म्हणत असतात. मृत्यू पटण्याआधी दानाचा शब्द काढला की पुढचं सगळं सौद्यासारखं ऐकू येतं. त्यात आपली भाषाही गोंधळ घालते. ‘मेंदू मृत झालाय’ म्हटलं की घरच्यांना वाटतं, मेंदूच तेवढा गेलाय, माणूस आहे. ‘व्हेंटिलेटरवर जिवंत ठेवलंय’ हे वाक्य तर वॉर्डात कोणीही सहज बोलून जातं, आणि मग समजावण्यावर पाणी. या भावानेही रात्रपाळीच्या एका कर्मचाऱ्याकडून ते ऐकलं होतं.

म्हणून आधी शंका एकेक करून घेतली. हृदयाला ठोके देणारी पेशींची गाठ हृदयातच असते; प्राणवायू मिळतोय तोवर ती मेंदूच्या हुकमाशिवाय चालते. श्वासाचं तसं नाही, त्याचा हुकूम मेंदू-स्तंभातूनच येतो. छाती हलवत होतं ते यंत्र. अंग गरम होतं कारण रक्त फिरत होतं. आणि बोट? मणक्यातल्या मज्जारज्जूतून होणारी ती प्रतिक्षिप्त हालचाल, तिला मेंदू लागत नाही. हे आधीच सांगून ठेवलं नाही तर नेमकं ते बोट हलताना नातेवाईक बघतात आणि सगळ्यांवरचा विश्वास उडतो.

कार्डाची शंका जास्त टोकदार होती, तिचं उत्तरही सरळ दिलं. उपचार करणारे डॉक्टर दात्यांची यादी उघडून बसत नाहीत. आणि उपचार ढिले केले तर अवयवच मिळत नाहीत: रक्तदाब पडला, प्राणवायू कमी झाला की मूत्रपिंडं आणि यकृत आधी खराब होतात. अवयव प्रत्यारोपणाच्या 1994 च्या कायद्यानुसार असा मृत्यू चार डॉक्टरांचं मंडळ ठरवतं. त्यात रुग्णालयाचे वैद्यकीय प्रमुख, मेंदूविकार तज्ज्ञ किंवा मेंदूचे शल्यचिकित्सक, शासनमान्य यादीतले आणखी एक तज्ज्ञ आणि उपचार करणारे डॉक्टर असतात. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतलं त्यात कोणीही बसू शकत नाही.

"मग मला बघू द्या," भाऊ म्हणाला. काही अतिदक्षता विभागांत घरच्यांना दुसरी चाचणी बघू देतात. इथेही परवानगी मिळाली.

पहिली तपासणी दुपारी झाली होती. दुसरी किमान सहा तासांनी करावी लागते, ती रात्री नऊला ठेवली. आधी गुंगीच्या औषधांचा अंमल उतरलाय, शरीराचं तापमान आणि सोडियम ठीक आहे, हे पाहिलं; नाहीतर चाचणीला अर्थ नाही. मग बाहुल्यांवर प्रकाश, बुब्बुळाला कापसाचं टोक, भुवईवर जोरात दाब, कानात बर्फाचं पाणी, श्वासनलिकेत नळी घालून खोकला येतो का ते. शेवटी श्वासाची चाचणी. व्हेंटिलेटर काढला, नळीतून प्राणवायू चालू ठेवला, छाती-पोट उघडं ठेवलं. भाऊ पलंगाच्या पायाशी, नजर पोटावर. आठ मिनिटं. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब 60 मिमी पाऱ्याच्या वर गेला. एवढ्याने कोणाचाही मेंदू-स्तंभ शाबूत असता तर श्वासासाठी धडपड झाली असती. पोट हललं नाही. भावाने स्वतःच मान खाली घातली.

मेंदू-स्तंभ मृत्यूच्या दाखल्यावर, म्हणजे फॉर्म 10 वर, सह्या झाल्यावर डॉक्टरांनी एकच वाक्य सांगितलं, "त्यांचा मृत्यू झाला आहे." नंतर तासभर कोणी काही विचारलं नाही. हा तास सोडायलाच हवा, कितीही घाई असली तरी.

विषय बायकोनेच काढला. "ते कार्ड त्यांनी भरलं होतं ना? मग काय करायचं असतं?" प्रत्यक्षात घरच्यांच्या संमतीशिवाय कोणी पुढे जात नाही, त्यामुळे घरात न सांगता ड्रॉवरमध्ये ठेवलेलं कार्ड जवळजवळ निरुपयोगी. या घरात ते नशिबाने सापडलं. आता नोटोच्या (अवयवदानाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) संकेतस्थळावर आधार आणि ओटीपी वापरून नोंद करता येते, नंतर रद्दही करता येते; पण तिथलं प्रमाणपत्र घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं जास्त कामाचं.

घरच्यांच्या संमतीच्या फॉर्म 8 मध्ये कोणते अवयव द्यायचे ते वेगळं लिहिता येतं. आई म्हणाल्या, "डोळं नाही द्यायचं. पुढच्या जन्मी आंधळा येईल." वाद घातला नाही. डोळे आणि त्वचा सोडून बाकी लिहिलं. अशा वेळी श्रद्धेशी भांडून एक जोडी बुब्बुळं मिळवायला गेलं तर सगळीच संमती हातची जाते.

वेळेबद्दल खरं सांगावं लागतं. रक्तगट, एचआयव्ही आणि काविळीच्या चाचण्या, हृदयाची सोनोग्राफी, पुण्याच्या विभागीय समितीकडून प्रतीक्षायादीनुसार वाटप, अपघात असल्याने पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन. ‘दोन-तीन तासांत देतो’ असं कोणी बोललं की गावाकडे निरोप जातात, तयारी होते, आणि मग दवाखान्याच्या दारात भांडण. इथे ‘उद्या संध्याकाळ धरा’ असं सांगितलं होतं. संमतीनंतरचा देखभालीचा आणि शस्त्रक्रियेचा खर्च दात्याच्या कुटुंबावर पडत नाही, हेही बिलाच्या खिडकीवर आधी कळवून ठेवलं होतं.

हृदय घेता आलं नाही. मेंदू जाताना उसळलेल्या अॅड्रेनलिनने ते कमकुवत झालं होतं. यकृत आणि दोन्ही मूत्रपिंडं तिघांना गेली. कोणाला, ते घरच्यांना सांगितलं जात नाही. भावाने दोनदा विचारून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला देह ताब्यात दिला. छातीपासून पोटापर्यंत एक टाक्यांची रेघ, वर स्वच्छ पट्टी. आईंनी चेहऱ्यावरची चादर बाजूला केली, दोन्ही पापण्यांवरून बोट फिरवलं, आणि मगच म्हणाल्या, "चला."