रंगाच्या कारखान्याचं लाल पाणी बॅक्टेरियाच्या पावडरनं साफ होतं का?

तुम्ही विचारलंय की गावाजवळच्या सूत रंगवायच्या कारखान्यातून नाल्याला लाल पाणी येतं आणि बॅक्टेरियाची पावडर विकणारा म्हणतो, "नाल्यात टाका, आठ दिवसांत पाणी साफ." भाऊ, ती पावडर घेऊ नका. बॅक्टेरिया रंग तोडतात हे मात्र खरं आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय.

आमचं घर भंडारा जिल्ह्यातलं, कोष्ट्याचं. आजोबा लुगड्याचं सूत घरीच रंगवायचे, उरलेलं पाणी मागच्या नालीत जायचं. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी त्याच नालीतला गाळ नेला, कारण वर्षानुवर्षं रंग मुरलेल्या गाळात तो रंग पचवणारे जिवाणू सापडण्याची आशा जास्त. त्यातले जिवाणू काँगो रेड रंगाच्या दोन फ्लास्कमध्ये सोडले. एक फ्लास्क शेकरवर हलता ठेवला, दुसरा इन्क्युबेटरमध्ये स्थिर. दुसऱ्या दिवशी हलता फ्लास्क तसाच लालभडक आणि स्थिर असलेला फिकट पिवळसर! सेंट्रिफ्यूज यंत्रात जोरात फिरवल्यावर तळाशी बसलेले जिवाणूही पांढुरकेच निघाले. ते लाल असते तर त्यांनी रंग नुसता अंगाला चिकटवून घेतला असता. इथे तो खरंच तुटला होता.

काँगो रेड हा अ‍ॅझो जातीचा रंग. या रंगांत नायट्रोजनच्या दोन अणूंमध्ये दुहेरी बंध असतो. जिवाणू खाद्यातून मिळालेले इलेक्ट्रॉन अ‍ॅझोरिडक्टेज एन्झाइमच्या मदतीनं त्या बंधाला देतात, बंध तुटतो आणि रंग जातो. हवा असली की ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन आधीच ओढून घेतो. हलवल्यानं पाण्यात हवा मिसळत राहते, म्हणून हलता फ्लास्क लाल राहिला.

आता खरी काळजीची गोष्ट. बंध तुटल्यावर मागे रंगाच्या रेणूचे तुकडे, म्हणजे अ‍ॅरोमॅटिक अमाइन, उरतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांतले काही लाल रंगापेक्षाही घातक असतात. काँगो रेडमधून बेंझिडीन सुटतं, आणि त्यानं मूत्राशयाचा कर्करोग होतो. मी त्या पिवळसर पाण्यात ज्वारीचे दाणे भिजवले होते. कोंब आले, पण मुळं नखाएवढी होऊन तपकिरी पडली. तेच पाणी जिवाणूंसकट काही दिवस हवा देऊन ठेवलं, तेव्हा मुळं चांगली लांब उतरली. अमाइन तोडायला ऑक्सिजन लागतो. म्हणजे आधी बिनहवेची टाकी आणि मग हवा सोडलेली टाकी, हाच क्रम हवा.

वाहत्या नाल्यात यातलं काय जमणार? पावडर पहिल्याच पाण्यासोबत वाहून जाईल. शिवाय रंगाच्या हंड्यातलं पाणी गरम आणि सोड्यानं खारवलेलं असतं, ते थंड करून त्याचा सामू (पाणी किती आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, pH) सातच्या आसपास आणल्याशिवाय जिवाणू तग धरत नाहीत. त्यांना खाद्यही लागतं. कारखान्यात सुताची खळ धुतलेलं पाणी त्यात मिसळलं तर ते मिळू शकतं. रिअ‍ॅक्टिव्ह रंग (सुताशी रासायनिक बंधानं पक्के बसणारे) वापरत असतील तर लिटरला 50 ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त मीठ पडतं, आणि ते कुठलाच जिवाणू काढत नाही. आपल्या काळ्या जमिनीत निचरा मुळातच कमी, त्यात हे खारं पाणी ओलिताला गेलं की वावर चोपण (क्षारानं कडक, नापीक) व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून हे काम कारखान्याच्या कुंपणाआतच व्हायला पाहिजे. पावडरचे पैसे वाचवा आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या भागातल्या कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. पाणी कोणत्या वेळी सोडतात ते आठवडाभर लिहून ठेवा आणि तक्रारीत घाला. नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानंच रीतसर घ्यावा असा आग्रह धरा, आपण भरून नेलेली बाटली पुढे टिकत नाही. तपासणीत नुसता रंग नको, सीओडी (पाण्यातल्या घाणीचं माप), टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) आणि सामूही मागा.

नाल्याकाठच्या विहिरींचं पाणी मात्र आजच प्रयोगशाळेत द्या. ते नितळ दिसत असलं तरी द्या. अहवाल येईपर्यंत प्यायला दुसरीकडून आणा.