वनस्पती उद्यानात पहिल्यांदा जाताना

वनस्पती उद्यानाला पहिल्यांदाच भेट देणार असाल, तर एका दिवसात सारे उद्यान पालथे घालण्याचा हट्ट धरू नका. दोन-तीन विभाग निवडून तेवढेच सावकाश पाहा, असे मी आग्रहाने सुचवेन. शक्यतो सकाळी लवकर आत शिरावे, कारण रात्री उमललेली कुमुदे उन्हे चढताच मिटू लागतात आणि काचगृहातील दमट उष्माही वाढत जातो.

झाडाजवळची पाटी मात्र कधीही टाळू नये. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनीयस यांनी १७५३ साली रूढ केलेल्या द्विनाम पद्धतीनुसार तिच्यावर आधी प्रजातीचे, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे, आणि मग जातीचे नाव असते. वड आणि पिंपळ या दोघांच्याही पाट्यांवर ‘फायकस’ दिसले, की त्यांचे नाते उलगडते. मग गळून पडलेली दोन पाने तळहातावर शेजारी ठेवून पाहा : पिंपळपानाचे टोक शेपटीसारखे निमुळते, तर वडाचे पान जाड आणि बोथट. ताजे पान तोडण्याचा मोह मात्र कटाक्षाने आवरावा.

तळ्यात महाकाय पानांचे व्हिक्टोरिया कमळ असेल आणि उद्यान संध्याकाळी उघडे राहत असेल, तर त्यासाठी लागोपाठच्या दोन संध्याकाळी राखून ठेवाव्यात, कारण पहिल्या संध्याकाळी पांढरे उमललेले तेच फूल दुसऱ्या संध्याकाळी गुलाबी झालेले असते.