ऑटोमॅटिक घ्या, पण सात वर्षांच्या कर्जावर नको

तुमचं पत्र थोडक्यात असं: छोटी गाडी घ्यायची आहे आणि ती आठ वर्षं वापरायची आहे. रोज जाऊन-येऊन दीड तास गर्दीतून गाडी तुम्हीच चालवणार, आणि डावा गुडघा आताच कुरकुरतोय. मिस्टरांच्या मते ऑटोमॅटिक म्हणजे उधळपट्टी. त्याच मॉडेलची ऑटोमॅटिक दहा टक्क्यांनी महाग पडते. शोरूमवाल्याने त्यावर तोडगा काढलाय: कर्ज पाचऐवजी सात वर्षांचं घ्या, हप्ता मॅन्युअलपेक्षाही कमी बसेल.

तो खोटं बोलत नाहीये, म्हणूनच मला काळजी वाटते. मॅन्युअलची किंमत 100 धरू, ऑटोमॅटिकची 110. दोन्हीकडे 20 रोख भरायचे, बाकी कर्ज, घटत्या शिलकेवर 9 टक्क्यांनी. मॅन्युअलचे 80 पाच वर्षांत फेडले तर महिन्याचा हप्ता 1.66 आणि एकूण व्याज 19.6. ऑटोमॅटिकचे 90 सात वर्षांवर नेले की हप्ता 1.45 वर येतो, पण व्याज जातं 31.6. म्हणजे गिअरबॉक्सचे 10 आणि व्याजाचे वर आणखी 12. तेच 90 पाच वर्षांत फेडलेत तर हप्ता 1.87, व्याज 22.1, गिअरबॉक्स बावीसऐवजी साडेबाराला पडला. मिस्टरांपुढे हा हिशेब ठेवा. त्यांची उधळपट्टीची शंका अगदीच चुकीची नाही, फक्त उधळण होतेय ती मुदत वाढवण्यात.

आता हे साडेबारा वसूल होतात का? वर्षाचे 240 कामाचे दिवस धरले तर आठ वर्षांत सुमारे 2,900 तास तुम्ही गर्दीत असणार. इतके तास अर्ध्या क्लचवर काढायचे नसतील तर मला ही रक्कम जास्त वाटत नाही. (गुडघा मात्र डॉक्टरांना दाखवाच.) इंधनाचा बाऊ करू नका: वर्षाला 10,000 किलोमीटर आणि मायलेज 18 ऐवजी 17 मिळालं, तरी फरक वर्षाला 33 लिटरच्या आसपास. विक्रीच्या वेळी जास्तीच्या किमतीतला काही भाग परत येईल, पण तो मी हिशेबात धरलेला नाही. तुम्हीही धरू नका.

ऑटोमॅटिक कुठलं, हे मात्र नीट विचारून घ्या. छोट्या गाड्यांत सर्वात स्वस्त असतं ते बहुधा एएमटी. आत मॅन्युअलचाच गिअरबॉक्स असतो. क्लच दाबणं आणि गिअर टाकणं तेवढं यंत्र करतं. मायलेज जवळपास मॅन्युअलइतकंच, पण क्लच प्लेट आहेच आणि ती झिजतेच. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरलीत तर लवकर झिजेल. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी हे ऑटोमॅटिकचे दुसरे दोन प्रकार गर्दीत जास्त मऊ चालतात, मात्र गिअरबॉक्सचं ऑइल ठरल्या वेळी बदललं नाही तर पुढची दुरुस्ती क्लच प्लेटपेक्षा कितीतरी महाग पडते. ड्राय क्लचचं डीसीटी, म्हणजे तेलात न बुडालेल्या दोन क्लचचं ऑटोमॅटिक, रेंगाळत्या गर्दीत तापतं, त्यामुळे तुमच्या रस्त्यासाठी मी ते सुचवणार नाही.

1.87 चा हप्ता मॅन्युअलच्या हप्त्यापेक्षा साडेबारा टक्क्यांनी जास्त आहे. तो घरखर्च आणि नेहमीची बचत सांभाळून झेपत नसेल, तर त्याच मॉडेलचं खालचं व्हेरिएंट ऑटोमॅटिकमध्ये मिळतं का बघा. सनरूफ आणि अलॉय व्हील्सनी गुडघ्याला काही आराम मिळत नाही. तेही नसेल तर सध्याची गाडी आणखी काही महिने चालवा आणि रोख भरायची रक्कम वाढवा. बुकिंगच्या आधी टेस्ट ड्राइव्ह मोकळ्या रस्त्यावर न घेता ऐन गर्दीच्या वेळी घ्या, आणि चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी मागे सरकते का, ते पाहा.