विमान उतरलं, आता पुढे कसं जायचं?

२०२४ मध्ये जळगावहून गोवा, हैदराबाद, पुणे, मुंबई अशी विमानं सुरू झाली आणि तेव्हापासून या सदराला येणाऱ्या पत्रांत विमानाचे प्रश्न वाढलेत. तिकीट कसं काढायचं हे कोणी विचारत नाही, ते घरातली पोरं मोबाईलवर काढून देतात. विचारतात ते उतरल्यानंतरचं. या वेळी तेच घेऊ.

प्रश्न : मी आणि माय (वय ७२, गुडघे दुखतात, जिना चढवत नाही) बंगळुरूहून बहिणीकडून परत येतोय. विमान मुंबईला टी-टू (टर्मिनल २) वर रात्री पावणेअकराला उतरतं. मुक्काम डोंबिवलीला मामाकडे, दुसऱ्या दिवशी रेल्वेने पाचोरा. मामा म्हणतात आता एअरपोर्टला मेट्रो आलीये, शंभराच्या आत काम होतं. शेजारचा पोरगा म्हणतो ॲपची कॅब करा. माय म्हणते काउंटरवर पैसे भरून काळी-पिवळीच करू. बॅगा तीन. कोणाचं ऐकू? – एक वाचक, पाचोरा

भाऊ, मायचं ऐका.

मामा चुकीचं सांगत नाहीयेत, मेट्रो खरंच आलीये. आरे ते कफ परेड ही जमिनीखालची अॅक्वा लाइन ऑक्टोबर २०२५ ला पूर्ण सुरू झाली आणि टी-वन, टी-टू दोघांना स्टेशन आहे. पण ती रात्रभर चालत नाही, टोकाच्या स्टेशनावरून शेवटची गाडी साडेदहाच्या आसपास सुटते आणि तुमचं विमानच पावणेअकराला टेकतंय, त्यानंतर पट्ट्यावर बॅगा यायला अर्धा तास धरा, म्हणजे तो विषय तिथेच संपला. समजा दिवसा उतरला असता तरी डोंबिवलीसाठी टी-टू वरून एक स्टेशन मरोळ नाका, तिथे उतरून वर्सोवा-घाटकोपरची जुनी मेट्रो, घाटकोपरला पुन्हा उतरून पूल ओलांडून सेंट्रलची लोकल. लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, पण त्यांच्या मधलं चालणं कोणी मोजत नाही, आणि संध्याकाळी सहा ते नऊ घाटकोपरला कल्याणकडच्या लोकलमध्ये तीन बॅगा आणि दुखरे गुडघे घेऊन चढणं मी कोणाच्याच आईला सांगणार नाही.

आता टॅक्सी. बाहेर पडायच्या आधीच प्रीपेडचं काउंटर लागतं, तिथे "डोंबिवली, तीन बॅगा" असं सांगायचं, बॅगा मुद्दाम सांगायच्या कारण सामानाचे पैसे वेगळे लागतात आणि ते पावतीतच आलेले बरे. पावतीवर गाडीचा नंबर असतो, तो पाटीशी जुळवूनच बसा. आणि पावती ड्रायव्हरला लगेच देऊ नका, मामाच्या दारात सामान उतरलं की द्या, पैसे आधीच भरलेले असल्याने तुमच्या हातात तेवढा एकच कागद असतो. मधे "काका कुठे जायचंय, स्वस्तात सोडतो" म्हणत कोणी बॅगेला हात घातला तर थांबायचं नाही, बोलायचं नाही, पुढे चालत राहायचं.

ॲपची कॅब वाईट नाही, गर्दी नसेल तर स्वस्तही पडते. पण रात्री एकाच वेळी चार-पाच विमानं उतरली की भाडं चढतं, आणि गाडी दारात येत नाही, तिच्यासाठी ठरलेल्या पार्किंगच्या जागेपर्यंत जावं लागतं. तिथे एका हाताने ट्रॉली ढकलत दुसऱ्या हातात फोन घेऊन नंबरप्लेट शोधायची आणि माय मागून विचारणार, गाडी कोठे शे? एकटे असता तर चाललं असतं.

दोन गोष्टी पैशाच्या. मीटरच्या टॅक्सीला आणि रिक्षाला मुंबईत रात्री १२ ते पहाटे ५ सव्वापट भाडं लागतं, ते नियमाचंच आहे, त्यावर वाद घालू नका. पण मुलुंड, ऐरोली, वाशी, दहिसर या मुंबईच्या नाक्यांवरचा टोल कारसाठी ऑक्टोबर २०२४ पासून बंद झालाय, त्यामुळे मुलुंडचा टोल म्हणून कोणी वरचे पैसे मागितले तर द्यायचे नाहीत, शांतपणे सांगायचं की कारला माफ आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विमान कंपनीला आजच फोन करून मायसाठी व्हीलचेअर नोंदवून ठेवा. विमानाच्या दारापासून माणूस घेऊन येतो, बॅगांच्या पट्ट्याजवळ थांबतो आणि बाहेर गाडीपर्यंत सोडतो. आपल्याकडच्या बायांना त्यात कमीपणा वाटतो, "मी काय लंगडी आहे का" म्हणतात, तर मायला सांगा की टी-टू चं चालणं पाचोऱ्याच्या प्लॅटफॉर्मसारखं नाही, फार लांब आहे, आणि ही सोय तिच्यासारख्यांसाठीच केलेली आहे.

दुसऱ्या दिवशी कोणी दादरला किंवा सीएसएमटीला जाऊन बसा म्हणेल, जाऊ नका. आपल्या बाजूच्या गाड्या कल्याणवरूनच येतात, डोंबिवलीहून कल्याण जवळ आहे, तिकिटावर बोर्डिंग कल्याण टाका.

प्रश्न : सकाळी ९ ला मुंबईत उतरतोय, दुपारी १२ ला चर्चगेटजवळ इंटरव्ह्यू. पाठीवर एक सॅक, बाकी काही नाही. पप्पा म्हणतात उशीर नको, टॅक्सीच कर. – एक विद्यार्थी, भुसावळ

तू मात्र मेट्रोच घे. सकाळी नऊ-दहाला एअरपोर्टहून दक्षिण मुंबईत टॅक्सी कधी पोचेल हे ड्रायव्हरलाही सांगता येत नाही. अॅक्वा लाइनला चर्चगेट स्टेशन आहे, गाडी बदलायची गरज नाही, तिकीट जास्तीत जास्त ७० रुपये आणि तासाभरात पोचशील. पप्पांना उशिराचीच काळजी असेल तर त्यांना सांग की म्हणूनच मेट्रो. जिथे जायचं तो पत्ता कागदावर लिहून ठेव, खाली बोगद्यात फोनला रेंज मिळेलच असं धरून चालू नकोस. रिक्षाचा विचार डोक्यात असेल तर काढून टाक, मुंबईत रिक्षा वांद्रे-सायनच्या पुढे शहरात जात नाही.

पण त्याआधी तिकीट नीट बघ. बीओएम लिहिलंय की एनएमआय? बीओएम म्हणजे मुंबईचं जुनं विमानतळ, एनएमआय म्हणजे नवी मुंबईचं, तिथून डिसेंबर २०२५ पासून विमानं सुरू झालीत आणि ते पनवेल-उलव्याकडे आहे, तिथून चर्चगेट हा वेगळाच प्रवास आहे, मग तीन तास हातात असूनही जीव वर-खाली होईल. तिकीट अजून काढलं नसेल तर बीओएमचंच काढ, आणि जमलं तर आदल्या दिवशीचं. विमान अर्धा-पाऊण तास उशिरा येणं ही रोजची गोष्ट आहे आणि इंटरव्ह्यू घेणारे त्यासाठी थांबत नाहीत.

प्रश्न : आम्ही नंदुरबारचे. दिल्लीहून येताना मुंबईला उतरावं की सुरतला? – एक वाचक, नंदुरबार

सुरतला. मुंबईहून नंदुरबारला यायचं तर बहुतेक वेळा सुरतवरूनच यावं लागतं, मग तो फेरा कशाला. सुरतचं विमानतळ डुमसच्या बाजूला आहे आणि रेल्वे स्टेशन शहराच्या दुसऱ्या अंगाला, तेव्हा सामान असेल तर टॅक्सी करा आणि संध्याकाळ असेल तर एक तास धरून चला. गाडी सुरतहून आहे की उधन्याहून हे तिकिटावर दोनदा वाचा. ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, टॅक्सीवाल्याला नुसतं "स्टेशन" म्हणालात तर तो सुरतलाच नेणार.

प्रश्न : हैदराबादहून पाहुणे जळगावला विमानाने येतायत, त्यांना अजिंठा बघायचाय. आधी घरी आणावं की थेट न्यावं? आणि विमानतळावर रिक्षा मिळते का? – एक वाचक, जळगाव

वेळ दिवसाची असेल तर थेट न्या. आपलं विमानतळ कुसुंब्याजवळ, अजिंठा रोडवरच आहे, शहरात येऊन पुन्हा त्याच रस्त्याने मागे जाण्यात अर्थ नाही. लेणी तिथून ५५-६० किलोमीटर. स्वतःची गाडी लेण्यांपर्यंत जात नाही हे पाहुण्यांना आधीच सांगा, फर्दापूरच्या फाट्यावर ती लावून पुढचे चारेक किलोमीटर एसटीच्या बसने जावं लागतं.

रिक्षाच्या भरवशावर पाहुण्यांना सोडू नका. दिवसाला मोजकीच विमानं येतात, त्यामुळे बाहेर मुंबई-पुण्यासारखी गाड्यांची रांग नसते, विमान उशिरा आलं तर उभी असलेली रिक्षाही निघून जाते. शहर पाच-सहा किलोमीटरवर आहे, घरातलं कोणीतरी गाडी घेऊन जा किंवा ओळखीच्या रिक्षावाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि त्याचा नंबर पाहुण्यांना पाठवा. आणि हो, सोमवारी अजिंठा बंद असतो. पाहुणे सोमवारी उतरत असतील तर त्या दिवशी सरळ घरी आणा आणि भरीत-पुरी खाऊ घाला, लेणी मंगळवारी बघतील.